यंत्राची ऊब आणि पंखाची ऊब

कसबा बावडा आज कोल्हापूर महानगरपालिकेच्या हद्दीत असला, तरी त्याचे गावपण अद्याप पुरते उतरलेले नाही. पंचगंगेकाठचा ऊस, गळिताच्या हंगामात राजाराम साखर कारखान्याकडे निघालेल्या गाड्या आणि बोळाबोळांतून माती उकरीत हिंडणाऱ्या गावरान कोंबड्या, हे सारे येथे एकाच फेरीत दृष्टीस पडते. कुटुंबभेटींच्या निमित्ताने या भागात माझे येणे-जाणे असते. अशा भेटींत एक वाद वारंवार माझ्या कानी येतो: पिल्ले हॅचरीतून आणावीत, की घरच्या खुडूक कोंबडीखाली काढावीत? शहरी वाचकाला हा वाद क्षुल्लक वाटेल. पण ज्या घरी मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च अंड्यांवर निघतो, त्या घरी हा पोटाचा प्रश्न असतो.

प्रथम हॅचरीची बाजू ऐकू या. कोंबडीवाचून अंडी उबवण्याची विद्या आजकालची नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांतून हजारो अंडी उबवली जात असत, आणि तेथील कारागीर अंडे आपल्या पापणीला लावून उष्णतेची पारख करीत. पापणीची जागा पुढे तापमापकाने घेतली, एवढेच. आपल्याकडे डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली वेंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली आणि परसातल्या कोंबडीचा पाहता पाहता उद्योग झाला. शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र तर खुद्द कोल्हापुरातच आहे. सुधारित जातींची पिल्ले तेथून खेडोपाडी जातात. गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, तर पिंजऱ्यातील संकरित कोंबडी ३०० च्या वर. एके काळी आजाऱ्याच्या उशाशी दिसणारे अंडे आज मजुराच्या ताटात दिसते, याचे श्रेय हॅचरीला दिलेच पाहिजे.

परंतु या विपुलतेसाठी काय द्यावे लागले, हेही पाहिले पाहिजे. कोंबडी खुडूक बसली की अंडी देणे थांबवते. एकवीस दिवस रवणावर आणि पुढे कित्येक आठवडे पिल्लांमागे, एवढा तिचा काळ उद्योगाच्या हिशेबी वाया जातो. म्हणून पिढ्यान्पिढ्या निवड करून तिची खुडूक बसण्याची वृत्तीच जवळजवळ काढून टाकण्यात आली. अंडी पुष्कळ आली, पण आईपण गेले. शिवाय संकरित कोंबडीचे गुण तिच्या पिल्लांत जसेच्या तसे उतरत नाहीत, त्यामुळे प्रत्येक नव्या पिढीसाठी पाळणाऱ्याला पुन्हा हॅचरीचे दार ठोठवावे लागते. अंड्यांसाठीच्या जातीत जन्मलेल्या नरांना तर पहिल्याच दिवशी मारून टाकतात. ते अंडी देत नाहीत आणि मांसासाठीही परवडत नाहीत. जर्मनीने २०२२ पासून या प्रथेवर कायद्याने बंदी घातली.

आता घरच्या पैदाशीकडे वळू. माझ्या परिचयाची एक वृद्ध माउली आहे. शाळेचे तोंड तिने पाहिलेले नाही; पण रवणाला अंडी घालताना तिची निवड मी पाहिली आहे. जी कोंबडी रवण अर्धे टाकून उठते, तिची अंडी ती घेत नाही. जी घारीची सावली दिसताच पिल्लांना हाकारून पंखाखाली घेते, तिची अंडी आधी. दोन वर्षांनी कोंबडा बदलायचा आणि तो दूरच्या गल्लीतून आणायचा, म्हणजे जवळच्या नात्यात पैदास होत नाही. तिच्या निवडीत अंड्यांची संख्या आहे, पण शेवटी. आधी आहे परसात जगण्याची आणि जगवण्याची हुशारी.

घरच्या पैदाशीचे अवाजवी कौतुकही नको. मानमोडीची साथ आली की खुराडेच्या खुराडे एका आठवड्यात रिकामे होते. हाच तो राणीखेत रोग. आपल्या देशात तो प्रथम जेथे आढळला त्या डोंगरी गावाचे नाव त्याला पडले. त्यावर लस आहे. पण लशीची एक कुपी शेकडो पक्ष्यांना पुरते, आणि आठ-दहा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? उरलेल्यांवर मुंगूस, मांजर आणि घार यांची नजर असतेच. बारा पिल्लांतली पाच मोठी झाली, तरी माउली समाधान मानते.

या साऱ्या विचारात एका गोष्टीने माझे मन वेधून घेतले. अंड्यातून बाहेर येण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन-तीन दिवस अन्नपाण्यावाचून तग धरते. निसर्गाने ही शिदोरी का दिली असावी? सगळी अंडी एकाच वेळी फुटत नाहीत. आधी बाहेर आलेल्यांना मागून येणाऱ्या भावंडांसाठी आईच्या पंखाखाली थांबावे लागते. ती शिदोरी या थांबण्यासाठी आहे. आणि याच शिदोरीच्या बळावर हॅचरीतील एक दिवसाची पिल्ले खोक्यांत भरून शेकडो मैल दूर पाठवता येतात. ज्या आईला यंत्राने रजा दिली, तिच्याच ठेवीवर यंत्राचा व्यापार चालला आहे!

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. माणसे हलवली गेली, म्हशी सोडवल्या गेल्या. खुराड्यांकडे पाहायला कोणाला सवड होणार? पाणी ओसरल्यावर मदतीचा विचार झाला, तेव्हा घरटी दहा पिल्ले द्यावीत असे एका मंडळाने ठरवले. हेतू निर्मळ होता. पण ती माउली मला म्हणाली, “फादर, पिल्लं काय, कुणीबी दील. पिल्लं काढणारी कुठनं आणायची? मला खुडूक बसणारी एक कोंबडी तेवढी बघा.” पुराने तिच्या दहा-बारा कोंबड्या नेल्या, असे आम्ही म्हणत होतो, वास्तविक त्याने तिची तीस-चाळीस वर्षांची निवड नेली होती.

अखेर पलीकडच्या गावातून तशी एक कोंबडी मिळाली. आठवडाभराने ती रवणाला बसली. आणि मग माउलीने मंडळाची पिल्लेही घेतली! रवणाचे दिवस भरत आले त्या सुमारास, रात्री दिवा न लावता, एक दिवसाची लसवलेली पिल्ले तिने एकेक करून कोंबडीच्या पोटाखाली सरकवली. पहाटे उठून तिने पाहिले. काही कोंबड्या परकी पिल्ले टोचून मारतात. हिने सगळी स्वीकारली. यंत्रात जन्मलेली ती पिल्ले दोन दिवसांत आईच्या हाकेला धावू लागली. मात्र पुढच्या रवणासाठी तिने गावरान अंडीच बाजूला ठेवली. हॅचरीच्या तलंगांची अंडी बाजारासाठी.

पंखाखाली पिल्ले गोळा करणाऱ्या कोंबडीची उपमा प्रभू येशूने स्वतःसाठी वापरली, हे आपण सारे जाणतो. पण ती ऊब सांभाळायची, तर ती देऊ शकणारी कोंबडी आधी शिल्लक राहिली पाहिजे. म्हणून मदत वाटणाऱ्या बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे: दहा पिल्ले जरूर द्या, लसही द्या, पण त्या गल्लीत खुडूक बसणारी एक तरी कोंबडी उरली आहे ना, हे आधी विचारा. नसेल, तर पहिली खरेदी तिची करा.