मतदानाआधीचं वाचन

रविवार, 17 नोव्हेंबर 2024

बुधवारी विधानसभेचं मतदान. कसब्यापासून हडपसरपर्यंत शहरात आठ मतदारसंघ, सगळीकडे प्रचाराच्या रिक्षा फिरतायत. मी मात्र आमच्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं वाचत बसले आहे. नमुना 26, नोटरीचे शिक्के, प्रलंबित खटले कलमांसकट, जमीन, सोनं, कर्ज, जोडीदाराची मिळकत, शिक्षण. हे जाणून घेणं मतदाराचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितलं. मिळालेला हक्क वापरायला नको?

मग घरी आलेली पत्रकं काढली. ड्रेनेज, पाणी, खड्डे. ही कामं महापालिकेची! पण मार्च 2022 पासून पुण्यात नगरसेवकच नाहीत, कारभार प्रशासकाच्या हाती. लोकांनी गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडे? मग आमदारालाच धरतात. समजतं, तरी पटत नाही. आमदाराने कायदे करायचे, राज्याच्या अर्थसंकल्पावर तोंड उघडायचं. विधिमंडळात जाऊन नेमकं काय मांडणार, हे मला यातल्या एकाही पत्रकात सापडलं नाही. घरी मतं मागायला येतील तेव्हा हेच विचारणार आहे.

आईला प्रतिज्ञापत्रं मोठ्या अक्षरात छापून हवी आहेत. माझं ऐकून नाही, स्वतः वाचून ठरवणार म्हणते.