दोरावरची ट्राम

वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या लँडुड्नो गावात ट्रामचा माणूस ट्राम चालवत नाही. त्याच्या हाताशी ब्रेक आणि घंटा असते, पुढच्या वळणावर कोणी मोटार आडवी लावली आहे का यावर त्याची नजर असते, एवढंच. गाडीत इंजिन नाही, मोटर नाही. तिला ओढणारं यंत्र अर्ध्या डोंगरावर आहे आणि ते चालवणारा माणूसही तिथेच. पोटाखाली आहे तो फक्त एक पोलादी दोर.

ज्या डोंगरावर ही ट्राम चढते तो ग्रेट ऑर्म म्हणजे समुद्रात घुसलेलं चुनखडीचं २०७ मीटर उंचीचं भूशिर. १८५८ साली गावात रेल्वे आली, १८७७ साली समुद्रात लांबलचक धक्का बांधला गेला, आणि हवा खायला येणाऱ्या शहरी पाहुण्यांना माथ्यावर नेण्याची सोय हवीशी वाटू लागली. १८९८ साली ब्रिटिश संसदेने मंजुरी दिली. खालचा टप्पा ३१ जुलै १९०२ रोजी सुरू झाला, वरचा पुढच्या वर्षीच्या जुलैत. पण ही नुसती मौजेची गाडी नव्हती. मालाची वाहतूकही तिच्या कामात धरलेली होती, आणि त्या मालात डोंगरावरच्या सेंट टुडनोच्या दफनभूमीकडे जाणाऱ्या शवपेट्याही होत्या. सहलीला निघालेली मंडळी आणि शेवटच्या प्रवासाला निघालेली मंडळी, रूळ एकच.

व्हिक्टोरिया स्टेशनातून सुटलेली निळी गाडी थेट रस्त्यावर येते आणि चढाला लागते. काही ठिकाणी दर चार फुटांमागे जवळपास एक फूट चढ आहे. ओल्ड रोडवर रस्ता इतका अरुंद होतो की बाजूच्या घरांच्या खिडक्या हाताच्या अंतरावर येतात. रुळांच्या मधोमध डांबरात एक फट दिसते. दोर तिच्याखालून सरकत असतो. सॅन फ्रान्सिस्कोची केबल कार धावता दोर हवा तेव्हा पकडते, हवा तेव्हा सोडते. इथली गाडी दोराला कायमची जोडलेली. एकाच दोराला बांधलेल्या दोन पोहऱ्यांप्रमाणे एक वर येते तेव्हा दुसरी खाली जाते, आणि मधल्या दुहेरी रुळांवर दोघी एकमेकींना ओलांडतात. वणीच्या सप्तशृंगगडावर २०१८ सालापासून चालणारी फ्युनिक्युलर ट्रॉलीही याच कुळातली. फरक एवढाच, की लँडुड्नोची ट्राम मोटारी आणि पादचारी यांच्यामधून वाट काढते. दोराने ओढली जाणारी आणि रहदारीच्या रस्त्यावरून जाणारी ट्राम ब्रिटनमध्ये आता दुसरी उरलेली नाही.

मधल्या ‘हाफवे’ स्टेशनावर सगळ्यांना उतरावं लागतं. वरचा टप्पा वेगळा, त्याचा दोर वेगळा, गाड्याही वेगळ्या: खाली ४ आणि ५ नंबर, वर ६ आणि ७. या स्टेशनातच यंत्रघर आहे. दोर गुंडाळणारे ते भलेमोठे ढोल पूर्वी वाफेवर फिरत; १९५० च्या दशकाच्या अखेरीस वीज आली. जुन्या फोटोंमध्ये गाड्यांच्या टपावर दांडे आणि वर तार दिसते, म्हणून पाहणारा समजतो की ही विजेची ट्राम. प्रत्यक्षात ती तार निरोपाची होती. गाडीतला माणूस तिच्यावरूनच यंत्रघराला थांब किंवा चल असा इशारा देत असे. आता ते काम रेडिओ करतो.

२३ ऑगस्ट १९३२ रोजी खालच्या टप्प्यावर गाडी आणि दोर यांना जोडणारा दांडा तुटला. ४ नंबरची गाडी उतारावर सुटली आणि भिंतीवर आदळली. ब्रेक सांभाळणारा कर्मचारी आणि एक बारा वर्षांची मुलगी यांचा जीव गेला. नुकसानभरपाईच्या बोज्याखाली कंपनी बुडाली. ट्राम पुन्हा सुरू व्हायला १९३४ साल उजाडलं.

हे जुनंपुराणं प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. ३ सप्टेंबर २०२५ रोजी लिस्बनमध्ये, १८८५ सालापासूनच्या ग्लोरिया मार्गावर, दोर गाडीपासून निखळला आणि सोळा माणसं गेली. त्या सकाळी पाहणी झालेली होती. पण दोर निखळला ती जागा सुटे भाग काढल्याशिवाय दिसतच नव्हती, असं तपासात पुढे आलं. वय हा या गाड्यांचा दोष नाही. ज्या जागी डोळा पोहोचत नाही तिथे कोणी, कधी आणि कसं पाहायचं, हा त्यांचा खरा प्रश्न आहे.

वरचा टप्पा मोकळ्या माळावरून जातो. हाफवेपासून जवळच तांब्याची खाण आहे. ती कांस्ययुगीन असल्याचं १९८० च्या दशकात उघड झालं, आणि तिथे हजारो दगडी हातोडे व हाडांची अवजारं सापडली. गवतावर पांढऱ्या, लांब केसांच्या शेळ्या चरताना दिसतात. त्यांचं मूळ काश्मीरचं. विंडसरच्या राजकळपामार्गे त्या इथे पोहोचल्या. २०२० च्या टाळेबंदीत याच शेळ्या सामसूम गावात उतरल्या आणि लोकांच्या बागा फस्त करू लागल्या, तेव्हा जगभर त्यांचे फोटो झळकले. माथ्यावरच्या इमारतीत कधीकाळी हॉटेल होतं. १९५१ साली शुगर रे रॉबिन्सनला हरवणारा मुष्टियोद्धा रँडॉल्फ टर्पिन तिचा एक मालक. तिथून आयरिश समुद्रात ‘ग्विंट इ मोर’ प्रकल्पाच्या १६० पवनचक्क्या फिरताना दिसतात.

१९४९ सालापासून ही ट्राम स्थानिक नगरसंस्थेकडे आहे. मार्चअखेर ते ऑक्टोबर ती धावते आणि हिवाळाभर दुरुस्तीसाठी बंद असते. कोणाला हा धंद्यातला तोटा वाटेल. पण तिकिटाच्या पैशांचा सगळ्यात चांगला उपयोग या बंद महिन्यांतच होतो. तेव्हा जाणार असाल तर हंगाम पाहून जा, आणि हाफवेला दुसरी गाडी गाठण्याची घाई करू नका. काचेपलीकडे यंत्रघर दिसतं. ते आधी पाहून घ्या.