बोडीला लागलेली धाप

नवेगावबांधला जायचे म्हणजे पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये एक रात्र आणि जवळजवळ एक दिवस बसून गोंदिया गाठायचे, आणि तिथून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीने दक्षिणेला निघायचे. एके काळी या मार्गावर अरुंद रुळांची चिमुकली गाडी धावत असे. आता रूळ रुंद झाले, पण खिडकीबाहेरचा देखावा तोच राहिला आहे: धानाच्या बांध्या, मोहाची झाडे, पुन्हा धान, आणि थोड्या थोड्या वेळाने एक तळे. पाणी ही विहिरीच्या तळाशी वाकून पाहायची वस्तू आहे, असे मानणाऱ्या आम्हा देशावरच्या माणसांना ही श्रीमंती पाहून थोडा हेवाच वाटतो.

यातली बहुतेक तळी माणसांनी बांधलेली आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत हजारो तलाव आहेत, आणि ते बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. खुद्द नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला. लोकांनी पुढे त्याचाच कोलासूर देव केला, आणि तलावाभोवतीच्या 'सात बहिणी' नावाच्या टेकड्यांपैकी एकीवर त्याचे ठाणे आहे. धरण बांधणाऱ्याला देव्हाऱ्यात बसवणारा मुलूख मला तरी दुसरा ठाऊक नाही. १९५१ साली मालगुजारी संपली, मोठे तलाव सरकारजमा झाले, आणि 'माजी मालगुजारी' या लांबलचक नावातली दोन आद्याक्षरे घेऊन लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. लहान मात्र मालकांच्या शेतातच राहिले. त्यांना म्हणतात बोडी.

अशीच एक बोडी आमच्या साडूंची आहे. एक एकराची, पाळीपाशी सात फूट खोल, दुसऱ्या टोकाला गुडघाभर. पाणी आधी धानाचे, मग माशांचे. मासे सांभाळतो पाळीवर झोपडी बांधून राहणारा एक म्हातारा ढिवर. त्याचे आणि साडूंचे अर्धेली आहे: बीज साडूंचे, राखण आणि जाळे त्याचे, विक्रीचे पैसे निम्मे निम्मे. सारा गाव त्याला मामा म्हणतो, म्हणून आम्हीही मामाच म्हणू.

२०२४ च्या श्रावणात तीन दिवस सूर्य दिसला नाही. पाऊसही धड नाही, वारा नाही, नुसते कोंदट आभाळ. चौथ्या दिवशी उजाडले तेव्हा बोडीच्या काठाला रोहू आणि कतला पांढरी पोटे वर करून लागले होते. साडूंचे नुकसान झाले ते वहीत मांडण्याजोगे. मामाचे मात्र वर्षच गेले. त्या पैशांवर नातीचे नर्सिंगच्या शाळेतले नाव टिकून होते.

"भाऊसाहेब, तुम्ही जन्मभर पंपांच्या कारखान्यात काढलात. उन्हावर चालणारे हवा घालायचे यंत्र मिळते म्हणतात. कोणते घ्यावे ते येऊन सांगा," असे साडूंचे पत्रवजा बोलावणे मोबाइलवर आले, आणि २०२५ च्या जूनमध्ये मी तिकडे गेलो. विजेचा जवळचा खांब बोडीपासून एक किलोमीटरवर, आणि शेतीची वीज ठरलेल्या तासांचीच. तेव्हा उन्हाशिवाय गत्यंतर नव्हते.

नागपुरात एका दुकानात आम्ही यंत्रे पाहिली. विक्रेत्याने सर्वांत आधी दाखवले ते तरंगते कारंजे. गोल तराफा, त्यावर पॅनेल, मधून पाण्याचा तुरा. "बॅटरी नाही, वायर नाही, ऊन पडले की चालू!" तो म्हणाला. दिसायला फारच गोड. आमच्या मेहुणीताईंना ते बोडीपेक्षा अंगणातल्या हौदासाठी हवेसे झाले. साडूही तयार झाले होते. पण आदल्या संध्याकाळी मामा मला एक वाक्य बोलला होता, ते डोक्यातून जाईना.

"पानी पाहाटे मरते, भाऊ. दिवसा नाई मरत."

पुस्तकातही नेमके हेच आहे. एक लिटर हवेत सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. पण तीस अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात हवेतून फार तर साडेसात मिलिग्रॅम विरघळतो. एवढ्या तुटपुंज्या शिध्यावर माशांचा संसार. पाच मिलिग्रॅम असले की मासा सुखात, तीनच्या खाली गेले की कासावीस, एकाच्या आसपास आले की वर येऊन तोंड वासतो. हा शिधा भरतो कोण? काही वारा, पण मुख्यतः पाण्यातले हिरवे शेवाळ. दिवसभर ऊन खाऊन ते प्राणवायू सोडते. दुपारी तर वरच्या थरात साडेसाताहूनही जास्त भरलेला असतो. रात्र झाली की शेवाळाची भट्टी बंद. मग शेवाळही श्वास घेते, मासेही घेतात, आणि तळाचा कुजका गाळही घेतो. रात्रभर शिल्लक घटत जाते आणि उजाडायच्या सुमारास तळ गाठते. ढगाळ दिवसांत भरणाच कमी, खर्च मात्र तेवढाच. तीन दिवसांत दिवाळे वाजते.

म्हणजे उन्हावर थेट चालणारे कारंजे बोडीला हवा कधी घालणार? भर दुपारी, जेव्हा तिच्याजवळ ती ओसंडून वाहते आहे. आणि ज्या पहाटे तिला धाप लागेल त्या पहाटे ते स्वस्थ तरंगत राहणार. मी विक्रेत्याला विचारले, "रात्री तीन वाजता हे काय करते?" तो हसला आणि म्हणाला, "रात्री काका, कोण बघायला जाणार?"

दुसरे यंत्र होते पंखाचाकाचे. कोळंबीच्या तळ्यांवर पाणी उडवत फिरणारी चाके चित्रात तुम्ही पाहिली असतील. हे बळकट असते यात शंका नाही. एक अश्वशक्तीचे चाक रात्री बारापासून सहापर्यंत चालवायचे तर साडेचार युनिट वीज लागते. साध्या शिसे-आम्लाच्या बॅटरीतून तिचे आयुष्य राखून निम्मीच वीज काढावी, हा माझा जुना नियम. म्हणजे बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तासाच्या पाच बॅटऱ्या हव्यात. त्या भरायला दीड-दोन हजार वॅटची पॅनेले. एवढे करून पदरात काय? बोडीत सरासरी पाच फूट धरले तर साठ लाख लिटर पाणी. त्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम प्राणवायू वाढवायचा म्हटले तरी सहा किलो लागतो. हे चाक प्रत्यक्षात तासाला पाऊण किलोच्या आसपास घालील. सहा तासांत साडेचार किलो. हा हिशेब मी दुकानाच्या पावतीपुस्तकामागे मांडला तेव्हा साडूंचा चेहरा उतरला.

पण या आकड्यांतच खरी वाट होती. सबंध बोडी वाचवायची नसते. एक कोपरा वाचवायचा असतो. धाप लागलेला मासा चांगले पाणी शोधत येतो आणि तिथे दाटी करून रात्र काढतो.

तेव्हा आम्ही तिसऱ्या यंत्राकडे वळलो. ते दिसायला अगदीच दरिद्री. काठावर एक हवेचा पंप, अवघा १२० वॅटचा, त्याला नळ्या, आणि नळ्यांच्या टोकांना रबरी चकत्या. त्या तळाशी ठेवायच्या. त्यांच्या बारीक छिद्रांतून बुडबुडे निघतात आणि वर जाताना तळचे पाणी घेऊन जातात. गुडघाभर पाण्यात याचा उपयोग नाही, बुडबुडा पाण्यात रेंगाळायला खोली हवी. ती पाळीपाशी होती. रात्रीच्या आठ तासांना साधारण एक युनिट वीज. दोन बॅटऱ्या आणि ५०० वॅटचे पॅनेल घेतले तर आभाळ भरले असतानाही दोन-तीन रात्री निघतात, कारण ढगांतूनही पॅनेल थोडेफार मिळवतेच. शिवाय स्वच्छ दिवशी वीज उरते. ती दुपारी वापरून वरच्या थरातला जास्तीचा प्राणवायू तळाच्या पाण्यात मिसळून ठेवता येतो; रात्रीची तेवढीच बेगमी. दुपारच्या उन्हाचा खरा उपयोग हा. कारंजे तेवढ्यापुरते अगदीच वाया जात नाही, पण ते वरचेच पाणी वर उडवते.

आमचे ठरले असे वाटून आम्ही सामान घेऊन परत आलो, तर मामाने चकत्या हातात घेऊन पाहिल्या आणि एकच प्रश्न विचारला.

"जारा कोठून ओढाचा मंग?"

जारा म्हणजे जाळे. झाडीबोलीत ळचा र होतो. जाळे तळ घासत ओढतात. वाटेत नळ्या आल्या की जाळे फाटणार. नागपूरच्या दुकानात हा प्रश्न कुणाच्याही डोक्यात आला नव्हता, आणि यंत्र नापास व्हायला तो एक पुरेसा होता. शेवटी मामानेच तोड काढली. चकत्या एका बांबूच्या चौकटीवर बसवल्या, चौकटीला दोर आणि रिकामा डबा बांधला. जाळे टाकायच्या दिवशी डबा धरून चौकट वर ओढायची. पॅनेलही त्याने बोडीच्या मधोमध नको म्हटले. ते झोपडीशेजारी खांबावर बसले, जिथे पक्ष्यांची घाण ओल्या फडक्याने पुसता येते, माकडे हाकलता येतात आणि चोरालाही विचार करावा लागतो. बॅटऱ्या झोपडीत, फळीवर, ओलीपासून दूर.

यंत्र सुरू करताना मी मात्र एका बाबतीत हट्ट धरला. तळाशी कुजलेले, प्राणवायू नसलेले पाणी साचलेले असते. ते एकदम ढवळून वर आणले तर मासे यंत्रानेच मरायचे. पहिल्या दिवशी पाव तास, दुसऱ्या दिवशी अर्धा, मग एक, असे आठवडाभर वाढवत नेले. पहिल्या पाव तासात कुजक्या अंड्यांचा असा वास सुटला की मेहुणीताई नाकाला पदर लावून घरी निघून गेल्या.

आणखी दोन गोष्टी बिनपैशांच्या होत्या, आणि त्यांवर साडूंशी जरा खडाजंगी झाली. बीज पूर्वीच्या दोन-तृतीयांश सोडायचे. आणि आभाळ भरले की त्या दिवसापुरते खाद्य बंद. "मग यंत्र कशाला घेतले?" साडूंनी विचारले. प्रश्न रास्त होता. पण १२० वॅटच्या पंपाकडून जादूची अपेक्षा करणे मला पटत नव्हते. शेतातला डिझेल पंपही पाळीवर आणून ठेवला, वेळ आली तर बोडीचेच पाणी उंच उडवून परत बोडीत पाडायला.

भाद्रपदात वेळ आली. दोन दिवस काळोखी, तिसऱ्या रात्री वारा पार पडलेला. मी तेव्हा पुण्यात होतो. पहाटे साडेचारला साडूंचा फोन आला. चकत्यांच्या वर पाणी माशांनी काळे झाले होते, पाठीला पाठ लावून. मामाने डिझेल पंपही त्याच कोपऱ्यावर सोडला होता आणि त्याच्या आवाजात साडूंचे बोलणे धड ऐकू येत नव्हते. सकाळी नऊला पुन्हा फोन आला. एकवीस मासे मेले, बहुतेक दुसऱ्या टोकाला राहिलेले मृगळ. बाकीचे उन्हाबरोबर पांगले.

डिसेंबरात जाळे पडेल. मार्चपर्यंत बोडीत पाणी उरत नाही; तेव्हा त्या पॅनेलचे काय करायचे, हे मामाने आधीच ठरवून टाकले आहे. नात सुट्टीला आली की तिला झोपडीत पंखा हवा असतो.