यादीतला शेजारी

मोजणी एकापासून सुरू होते, असे आपण शाळेत शिकलो. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी रचलेली जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा मात्र शून्यापासून मोजते. नागपूरकरांना याचे नवल वाटू नये. चार घोड्यांच्या सोबतीने उभा असलेला झिरो माइलचा स्तंभ आपण जाता-येता पाहतो. तेथील दगडावर इतर गावांची अंतरे कोरलेली आहेत. स्तंभाचे स्वतःचे अंतर शून्यच. जावास्क्रिप्टमध्ये ओळीने मांडलेल्या यादीला 'अ‍ॅरे' म्हणतात आणि तिच्यातील क्रमांक म्हणजे आरंभापासूनचे अंतर. म्हणून पहिले नाव शून्यावर, दुसरे एकावर.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. आमच्या धर्मग्रामात या महिन्यात पवित्र मरियामातेची मूर्ती रोज एका घरी मुक्कामाला जाते. दिवस ३१, घरेही ३१. युवकांनी ही यादी संगणकावर चढवली. आपले नाव लिहिले की मूर्ती कोणाकडून आणायची आणि दुसऱ्या दिवशी कोणाकडे पोचवायची, हे पडद्यावर दिसे.

त्यामागील युक्ती साधी आहे. 'इंडेक्सऑफ' ही आज्ञा आरंभापासून एकेक नाव पाहत जाते आणि हवे ते नाव प्रथम जेथे सापडेल, तेथील क्रमांक सांगते. त्यातून एक वजा केला की आधीचे घर, एक मिळवला की पुढचे. यादीच्या दोन्ही टोकांपलीकडे काहीच नसते. तेथे यंत्र 'अनडिफाइंड' असे उत्तर देते. त्या जागी मुलांनी 'चर्च' असे दाखवण्याची सोय केली होती, कारण मूर्ती चर्चमधून निघते आणि चर्चमध्येच परतते.

सप्टेंबरअखेरीस, नव्याने राहावयास आलेल्या एका कुटुंबाने आपले नाव लिहून पाहिले. ते यादीत नव्हतेच. तरी उत्तर आले : मूर्ती चर्चमधून आणा, दुसऱ्या दिवशी पहिल्या घरी पोचवा. ३० तारखेच्या सायंकाळी ती माणसे घर सारवल्यासारखे स्वच्छ करून, फुले घेऊन, मुलाबाळांसह चर्चच्या दारी उभी राहिली. आम्ही मूर्ती त्यांच्या हाती दिली.

पण दोष शोधणे अगत्याचे होते. नाव न सापडल्यास इंडेक्सऑफ 'वजा एक' असे सांगते. तो क्रमांक नव्हे. 'नाही' म्हणण्याची ती रीत आहे. तिकडे लक्ष न देता त्यात एक मिळवला की शून्य येते, आणि शून्यावर पहिले घर असते. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने ही आज्ञावली दुरुस्त केली. एकाच आडनावाची घरे अनेक असल्याने तिने २०१५ साली भाषेत आलेली 'फाइंडइंडेक्स' ही आज्ञा घेतली आणि कुटुंब-क्रमांकावरून शोध सुरू केला. तीही न सापडल्यास वजा एकच सांगते. म्हणून आता उत्तर वजा एक आले की पुढील हिशेब थांबतो आणि पडद्यावर येते : 'आपले नाव अद्याप नोंदलेले नाही. कृपया फादरांना भेटा.'

यादीत जो आहे त्याचा शेजारी यंत्र क्षणात शोधून देते. जो नाही, त्याच्याविषयी ते फार तर 'नाही' एवढेच प्रामाणिकपणे सांगू शकते. त्यापुढचे काम आपले. वाचकहो, आपल्या गल्लीत यंदा नवे कोण आले आहे, हे एकदा पाहून या.