खुंटीवरच्या दोन पिशव्या

हिंगोली,
फाल्गुन, हळद शिजवायचे दिवस

प्रिय धाकले,

हे फोनवर बोलण्यासारखं नाही. तुझा फोन नातवाच्या हातात, आणि तू घेतलास तरी स्पीकर लावून बोलतेस. म्हणून कागदावर लिहून, पाकीट चिकटवून भाच्याजवळ देतेय. दार लोटून वाच.

महाशिवरात्रीला औंढ्याला दर्शनाच्या रांगेतून तू तीनदा बाजूला झालीस. विचारलं तर म्हणे पाय दुखायलेत. पाय दुखणारी बाई मांडीवर मांडी दाबून उभी राहत नसते, माय. येताना जीपमध्ये कानाशी लागलीस तेही अर्धंच सांगितलंस. दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जातं, खाजेनं रात्र-रात्र झोप नाही, लघवीला बसलं की आग. आणि वर्षातली ही पाचवी खेप.

मग तुझ्या घरी मुक्कामाला राहिले तेव्हा त्या दोन पिशव्या पाहिल्या. एक खुंटीवर राजरोस टांगलेली: साखरेची कागदं, तपासण्या, गोळ्या. दुसरी तांदळाच्या डब्यामागं. तिच्यात मेडिकलमधून आणलेल्या, शेपटीपासून गुंडाळत पिळलेल्या चार ट्यूबा आणि दीडशे मिलिग्रॅमच्या एकेका गोळीची रिकामी पाकिटं. साखरेच्या डॉक्टरांना खाज माहीत नाही, कारण ते पुरुष. मेडिकलवाल्याला साखर माहीत नाही, कारण तू 'सुनेला पाहिजे' म्हणून मागतेस. बिचाऱ्या सुनेच्या नावावर किती खाज जमा झाली असेल!

तुला रागावायचा अधिकार मला फारसा नाही, म्हणून आधी माझं सांगते. एकतीस वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली. लागले तेव्हा हिंगोली जिल्हाही नव्हता, १९९९च्या महाराष्ट्र दिनापर्यंत आपण परभणीतच होतो. गडचिरोलीत राणी बंग आणि अभय बंग या डॉक्टर दांपत्यानं दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या, ते १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. शंभरात ९२ जणींना अंगावरचं काही ना काही दुखणं, आणि आधी कधी तपासून घेतलेल्या फक्त ८. हे आकडे मी बायकांच्या बैठकीत घडाघडा सांगायची. आणि माझ्यावर आलं तेव्हा? दीड वर्ष ट्यूब पिठाच्या डब्यामागं. तुझ्या डब्यात तांदूळ, माझ्यात पीठ, एवढाच फरक.

शेवटी एका खासगी दवाखान्यात गेले. त्यांनी सोनोग्राफी बघितली, मला नाही. म्हणाले, गर्भाची पिशवी काढून टाका, वयही झालंच आहे. मी, सिस्टर असून, तारीख घेऊन घरी आले. ऑपरेशनच्या आधी नोकरीतल्या जुन्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी एकच विचारलं, 'साखर कधी तपासली होती?' कधीच नव्हती. माझा मधुमेह मला खाजेनं सांगितला. पिशवी अजून जागेवर आहे.

हे पक्कं डोक्यात ठेव. ही खाज बुरशीची, आणि बुरशी राहते वाटेत, पिशवीत नाही. पिशवी काढली तरी वाट आणि साखर दोन्ही तिथंच राहतात. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. पांढरं जातंय एवढ्या तक्रारीवरून टेबलावर गेलेल्या त्यांच्यात होत्या. आपल्याकडच्याही टोळ्या ऊसतोडीला जातात, म्हणून सांगते.

आता हे होतं कसं? जिलबीचं पीठ रात्रीत फुगतं ते ज्यामुळं, त्या यीस्टचीच ही भाऊबंद, कॅन्डिडा. ती थोडीबहुत पुष्कळ बायकांच्या अंगात असते आणि गुमान असते. रक्तात साखर वाढली की तिथल्या ओलाव्यातही वाढते, लघवीतून उतरते, आणि या बुरशीला आयतं पंगतीचं ताट मिळतं. वर जास्त साखरेनं अंगाची राखणही ढिली पडते. हा स्वच्छतेचा प्रश्न नाही, बाई. तू डेटॉलचं पाणी घेतेस, ते आधी बंद कर. आत काही म्हणजे काही धुवायचं नाही, बाहेरून साधं पाणी पुरे. हळदीचा लेपही नको. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं ते खाण्याच्या हळदीला.

तुझ्या खुंटीवरच्या पिशवीत एक गोळी दिसली, डापाग्लिफ्लोझिन. दिवाळीत सुरू झालेली. तिचं कामच जास्तीची साखर लघवीतून बाहेर टाकायचं. २०२०मध्ये तिचं पेटंट संपलं, स्वस्त झाली, आता घरोघरी आहे. गोळी वाईट नाही, हृदयाला आणि किडनीला चांगली. पण ती घेणाऱ्या बायकांना ही खाज कितीतरी जास्त होते. आता तूच बोटं मोज, पाचातल्या किती खेपा दिवाळीनंतरच्या? पण म्हणून आपल्या मनानं गोळी बंद करू नकोस. डॉक्टरांना सांग, बदलायची की चालू ठेवायची ते त्यांनी ठरवावं. कधी ताप आला आणि जागेला सूज, लाली, ठणका असेल, तर मात्र रात्र काढायची नाही, तडक दवाखाना.

आणि ती दीडशेची एक गोळी, फ्लुकोनाझोल. ती तुझ्या साखरेच्या ग्लिमेपिराइड गोळीसोबत घेतली की साखर एकदम खाली येऊ शकते. संक्रांतीला तुला दरदरून घाम फुटला, हात कापले, आणि सगळ्यांनी दृष्ट काढली, आठवतं? मला त्या दिवशी दृष्टीपेक्षा गोळीचा संशय आहे. शिवाय वर्षात तीन किंवा जास्त वेळा होणाऱ्या दुखण्याला एका गोळीनं भागत नाही. पहिल्या आठवड्यात तीन, मग आठवड्याला एक अशी सहा महिने, असा त्याचा रिवाज आहे, तोही साखरेच्या गोळ्या बघून. ट्यूबांवरची नावं वाचली. दोनात स्टिरॉइड आहे. दोन दिवस थंड वाटतं, बुरशी मात्र खाली पोसतच राहते.

याहून महत्त्वाचं म्हणजे ती कोणती बुरशी आहे तेच तपासलेलं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये मधुमेह असलेल्या अशा १११ बायका तपासल्या, २००७मध्ये ते छापून आलं. त्यातल्या ६८ जणींना नेहमीची अल्बिकन्स नव्हती, ग्लॅब्राटा नावाची चिवट जात होती, आणि तिच्यावर ती दीडशेची गोळी फारशी चालत नाही. तिथं बोरिक अ‍ॅसिडच्या कॅप्सूल आत ठेवून जास्त गुण आला. हो, तेच, पोरं कॅरमवर टाकतात ते. पण कॅरमची डबी हातात घेशील तर बघ! ते पोटात गेलं तर विष आहे, कॅप्सूल डॉक्टरांनीच द्यायची. म्हणून स्वॅब घ्यायला सांगू. कापसाची काडी फिरवतात, मिनिटाचं काम, दुखत नाही.

राहिलं घरचं. महाशिवरात्रीला साबुदाणा, रताळं, बटाटा, वर केळी. दुसऱ्या दिवशी तुझी साखर तीनशेच्या वर. महादेवानं एवढं मागितलेलं नाही. हळदीच्या कुकरजवळ दिवसभर वाफेत उभी राहतेस, तेव्हा तो नायलॉनचा परकर नको, सुती नेस. लघवी दाबून धरू नकोस, झाल्यावर पाण्यानं धू आणि कोरडं कर. आतले कपडे साडीखाली लपवून वाळवतेस, ते ओलेच राहतात. दोरीवर उन्हात टाक, गावाला काय दिसायचं ते दिसू दे.

दाजींना औषधाची गरज नाही, त्यांना खाज असेल तर वेगळी गोष्ट. हा बाहेरून आणलेला रोग नाही, हे त्यांनाही एकदा सांग. घरात कुजबुज नको.

सोमवारी सकाळच्या गाडीनं ये. बाई डॉक्टर आहेत, मी बोलून ठेवलंय. एचबीएवनसीही करून घेऊ, तीन महिन्यांची साखर त्यात कळते. येताना तांदळाच्या डब्यामागची पिशवी खुंटीवरच्या पिशवीत घाल आणि ती एकच आण. ट्यूबा टाकून देऊ नकोस, डॉक्टरांना दाखवायच्या आहेत.

तुझी,
अक्का

ता. क. पत्र चुलीत घालू नकोस. जाऊबाईंना दे. त्यांनाही साखर आहे, आणि औंढ्याच्या रांगेतून त्याही दोनदा बाजूला झाल्या होत्या.