नुरा कुस्ती

सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर दोन पोरं एकमेकांच्या अंगावर पडली होती. एकानं दुसऱ्याची मान काखेत धरली होती आणि त्याला बाकावर आपटायच्या बेतात होता. नशीब, मध्ये दप्तर आलं. दोघांना उभं केलं तर मारामारी नव्हतीच. "सर, डब्ल्यूडब्ल्यूई खेल रहे थे." सगळा वर्ग हसला. तेवढ्यात पहिल्या बाकावरचा एक चौकस पोरगा उठला आणि म्हणाला, "सर, वो तो झूठमूठ का रहता ना? पहलेच ठैराके रखते?"

उत्तर सोपं होतं. हो, ठरवूनच करतात, पण पडणं खरं असतं, म्हणून घरी करू नका. एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण 'पहलेच ठैराके' हे शब्द ऐकले आणि आम्ही फळ्याकडे वळलो. "बैठ जाओ," एवढंच म्हणालो.

(उर्दू शाळेत शिकलो, उर्दू शाळेतच शिकवतो. 'हम' म्हणायची जिभेला सवय आहे. मराठी लिहायला बसलो तरी 'मी' लवकर सुचत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं.)

आमचं गाव कबनूर. इचलकरंजीला इतकं चिकटलेलं की कुठं शहर संपतं आणि कुठं गाव लागतं हे परक्याला कळत नाही. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली आला, आणि पुढं आसपासच्या गावांनीही तोच आवाज उचलला. आमच्या गल्लीतही रात्रंदिवस खटाखट चालायची. अब्बा मागावर, अम्मी घरात कांड्या भरायची. वर्षातून एकदा हा आवाज आमच्या कानाला कमी यायचा, तो उरुसात. संदल, गलेफ, कव्वाली हे सगळं होतंच. पण आम्हा पोरांचा जीव अडकलेला असायचा तो कुस्त्यांच्या मैदानात.

मैदान म्हणजे गावाबाहेरचं मोकळं रान. आठ दिवस आधी माती आणून चाळायची. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मळल्यासारखी मऊ करायची. हे काम करणाऱ्यांत आमच्या मोहल्ल्यातली माणसं असत, तशीच मराठा, धनगर, जैन घरांतलीही. कोण कुणाच्या पाटीत माती भरतोय हे कुणी बघत नव्हतं. अब्बा पाळी संपवून थेट तिकडंच जायचे आणि घरी यायचे ते कापराचा वास घेऊन. अम्मी म्हणायची, "दवाखानेसे आये क्या?"

असरची नमाज झाली की अब्बा आमचं आणि भाईचं मनगट धरून निघायचे. भाई आमच्याहून चार वर्षांनी मोठा. अब्बांची जागा ठरलेली, हौद्याच्या पश्चिम बाजूला, उन्हाकडं पाठ करून. खाली बसायचं आणि मुकाट बसायचं. भुईमुगाच्या शेंगा मिळायच्या, पण टरफलं खिशात ठेवायची. पैलवान ज्या वाटेनं जातो त्या वाटेवर टाकायची नाहीत. आजूबाजूच्या गच्च्यांवर बायका, झाडांवर पोरं. हलगी आणि घुमकं सुरू झालं की पोटात कालवाकालव व्हायची.

सुरुवात रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. सात-आठ वर्षांची पोरं चड्डीवरच उतरायची. जिंकणाऱ्याच्या ओंजळीत रेवड्या, हरणाऱ्याच्या पाठीवर थाप आणि चार रेवड्या त्यालाही. मग नारळाच्या, मग पन्नास-शंभराच्या. मोठ्या कुस्त्यांची जोड आधीच लागलेली असायची. पण लहान कुस्त्यांची जोड जागेवरच लावत. दोन्ही पोरांना शेजारी उभं करून खांदे, मांड्या बघायचे, वस्तादांची मान हलली की सलामी. पैलवान माती उचलून कपाळाला लावायचा, समोरच्याच्या अंगावर टाकायचा. त्याचा अर्थ आम्ही अब्बांना विचारला होता. "घामानं हात सटकतो, मातीनं पकड बसते," अब्बा म्हणाले. "त्याला पकड मिळावी म्हणून आपण त्याच्या अंगावर माती टाकायची." दुसऱ्याला आपल्याला पकडता यावं म्हणून! आम्हाला ते तेव्हा वेडेपणाचं वाटलं होतं.

अब्बा डाव ओळखायचे. खडाखडी चालू असतानाच पुटपुटायचे, "पट निकालेगा... देख... निकाला." ढाक, मोळी, एकलंगी, कलाजंग ही नावं आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो. त्यांचा आवडता डाव घिस्सा. समोरचा जमिनीला चिकटला की त्याच्या पाठीवर बसायचं, लंगोट घट्ट धरायचा, आणि असा झटका द्यायचा की तो उलटा होऊन आभाळ बघतो. अब्बा तरुणपणी तालमीत होते. मागाच्या पट्ट्यानं कोपर गेलं आणि कुस्ती सुटली. त्या कोपरापासून हात पुरता सरळ होत नसे. भाईनं चीतपट केलेल्या पहिल्या पोराला उठवायला तोच वाकडा हात पुढं झालेला आम्हाला आठवतो.

एकदा त्यांनी आम्हा दोघांना कोल्हापूरला खासबागेत नेलं. खोलगट वाडग्यासारखं मैदान, मध्ये हौदा. कुठंही बसा, कुस्ती दिसणार. राजर्षी शाहू महाराजांनी 1902 च्या युरोपच्या दौऱ्यात रोमचं जुनं मैदान पाहिलं आणि तसं कुस्तीसाठी आपल्याकडं हवं असं ठरवलं. 1912 साली ते उभं राहिलं आणि पहिली मोठी कुस्ती झाली ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. इमामबक्ष म्हणजे गामा पैलवानाचा भाऊ. ही दोन नावं अब्बा ज्या कौतुकानं उच्चारायचे ते कौतुक आमच्या लक्षात राहिलं. परत येताना त्यांनी आम्हाला मुस्लिम बोर्डिंगची इमारत दाखवली. "हे पण महाराजांनीच. 1906." मग भाईच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, "ये मैदान का." आणि आमच्या डोक्यावर टपली मारून, "ये बोर्डिंग का." झालं, वाटणी तिथंच झाली. आम्ही हडकुळे होतो, त्यामुळे तक्रार नव्हती.

कोल्हापुरात काळा इमाम, बाबूजमाल अशा नावांच्या तालमी आहेत. तालमीत मोहरमला पंजे बसतात आणि गणपतीही बसतो. पाकिस्तानातून आलेला सादिक पंजाबी याच शहरात राहून मारुती माने, गणपतराव आंदळकर यांच्याशी लढला आणि कोल्हापूरकरांनी त्याला डोक्यावर घेतलं. आमचे दादा हे सांगताना उठून बसायचे. दादा काही वर्षं मुंबईच्या गिरणीत होते. दारासिंगनं 1968 साली मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवलं ती गोष्टही त्यांच्याकडून ऐकलेली. त्या कुस्त्या उघड्या स्टेडियममध्ये व्हायच्या, तिकीट काढून. "खऱ्या होत्या का?" भाईनं विचारलं. दादांनी विडी विझवली. "दारासिंग खरा होता," म्हणाले.

आमच्या लहानपणी तर केबल आली होती. अंडरटेकर, ब्रेट हार्ट, स्टोन कोल्ड. त्यांची पत्ते आम्ही जमवली होती. उंची, वजन, छाती पाठ. खरं सांगायचं तर अंडरटेकर सात वेळा मेला तरी परत येतो यावर आमचा पाचवीपर्यंत विश्वास होता. भाई मात्र दोन मिनिटं बघायचा आणि उठायचा. "बघ, मारायच्या आधी पाय आपटतोय. आवाज पायाचा आहे." 2007 साली खली तिकडं विजेता झाला तेव्हा मोहल्ल्यात फटाके वाजले, भाई तालमीत गेला होता.

पैलवान पोसणं म्हणजे काय हे ज्याच्या घरात पैलवान आहे त्यालाच ठाऊक. दोन लिटर दूध, बदाम, तूप, आठवड्याला मटण. आम्ही डाळीत भाकरी कुस्करायचो आणि भाईच्या वाटीत तूप पडायचं. आम्हाला राग येत नव्हता असं म्हणणं खोटं होईल. भारनियमनाच्या वर्षांत माग दिवसदिवस बंद राहायचे, मजुरी मीटरवर. मीटर नाही तर पैसा नाही. तरी थंडाई चुकली नाही. अम्मीचे पैंजण त्याच वर्षांत गेले. भाई मात्र वर चढत होता. गावच्या मैदानात पाचव्या नंबरपर्यंत आला, बाहेरच्या जत्रांतून बोलावणी यायला लागली.

2011 साली आमचा बी.एड.ला नंबर लागला. फी, पुस्तकं, राहणं धरून वीस हजार एका आठवड्यात भरायचे होते. घरात पाच होते. अब्बा दोन ठिकाणी जाऊन आले आणि काही न बोलता जेवायला बसले.

त्याच आठवड्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका जत्रेत भाईची तीन नंबरची कुस्ती होती. इनाम दहा हजार. आम्ही सगळे टेम्पोतून गेलो. समोरचा पैलवान नावाजलेला होता, वजनानं थोडा जास्त. पण दहाव्या मिनिटाला भाईनं त्याला खाली घेतलं आणि पाठीवर बसला. अब्बा गुडघ्यांवर आले. भाईचा उजवा हात लंगोटाच्या पट्टीत गेला, डावा मानेवर. अख्खं मैदान उभं राहिलं. घिस्सा लागला होता.

आणि हात ढिला पडला.

बाकीच्यांना वाटलं, सटकला. पुढं दहा मिनिटं दोघं एकमेकांना रेटत राहिले, वेळ संपली, पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. दोघांचे हात वर केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी मागून ओरडलं, "नुरा!" अशी ओरड प्रत्येक मैदानात होते, तिकडं कुणी लक्ष देत नाही. अब्बा उठून टेम्पोकडं चालायला लागले. चपला घालायच्या विसरले होते. आम्ही हातात घेऊन मागं गेलो.

रात्री भाईनं अम्मीच्या हातात पंधरा हजार ठेवले. "इनाम और बक्षीस मिलाके," म्हणाला. दहा हजारांचं निम्मं पाच होतं. वरचे दहा? लोकांनी खूश होऊन बरोबरीच्या कुस्तीवर दहा हजार उधळले असं कुठं होतं? आमचं गणित पहिल्यापासून बरं. अब्बांचंही वाईट नव्हतं. ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. तसेच म्हणाले, "घिस्सा लगा था. मैं देखा." त्यापुढं त्या विषयावर ते भाईशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही फी भरली. हे इथं लिहायला आम्हाला इतकी वर्षं लागली. हिशेब कळला होता. तोंडातून 'नको' येऊ शकलं असतं, आलं नाही. पावती घेतली, घडी करून खिशात ठेवली.

काही महिन्यांनी गच्चीवर, वीज गेलेली असताना, भाई आपणहून बोलला. मध्यस्थ माणूस आला होता. त्या पैलवानाला पुढं मोठी मैदानं होती, त्याआधी हार नको होती. "टीव्हीवाले रोज करते," भाई म्हणाला. "मैंने एक बार किया." मग थोडं थांबून, "लेकिन हात को आदत नहीं थी. छोडते वखत दुखा." आम्हाला काही बोलता आलं नाही. त्यानंतर तो दोन हंगाम लढला. लढला म्हणण्यापेक्षा उतरला. मग मागावर गेला, आता जॉबर आहे. खांदे अजून तसेच आहेत, शर्ट शिवून घ्यावा लागतो.

घरात हलाल-हराम हे शब्द आम्ही चालायला शिकलो तेव्हापासून ऐकत आलो. अब्बांनी सुताचा एक धागा घरी आणला नाही. मग त्या पंधरा हजारांचं काय, त्यावर मिळालेल्या पदवीचं काय, त्या पदवीवर मिळणाऱ्या पगाराचं काय? मौलानांना विचारावं असं पुष्कळदा वाटलं. जुमा झाला की त्यांच्याजवळ जाऊन उभेही राहिलो. प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी विचारून आलो. भाईला पंधरा हजार परत द्यायला गेलो तर तो हसला आणि म्हणाला, "किसकू वापस करेगा? पब्लिक कू?" ते पैसे परत खिशात घालून आलो.

ते मैदान झाल्यापासून अब्बा कुस्त्यांना आले नव्हते. उरुसात गलेफ चढवायला जात, फातिहा पढत, आणि हलगी सुरू झाली की घरी येऊन रेडिओ लावत.

मागच्या उरुसात भाईचा धाकटा, वय वर्षं आठ, रेवड्यांच्या कुस्तीला उतरणार म्हणून हटून बसला. भाईचं मन नव्हतं. पोरगा दादांकडं गेला. काय बोलणं झालं माहीत नाही, पण असरनंतर अब्बा टोपी घालून दारात उभे होते. आम्ही तिघं आणि तो पोरगा, पश्चिमेच्या बाजूला, उन्हाकडं पाठ करून बसलो. आता शेंगांबरोबर वेफर्सचे पुडे होते, निवेदकाचा लाऊडस्पीकर कान फाडत होता, आणि निम्मी माणसं मोबाईल वर धरून बघत होती.

पोरगा हरला. समोरच्यानं पट काढला आणि हा पाठीवर. अर्धं मिनिटही लागलं नाही. डोळ्यांत पाणी, ओंजळीत चार रेवड्या, सगळ्या अंगाला माती. भाईनं त्याला उचलायला हात केले, पण तो सरळ अब्बांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. अब्बांनी एक रेवडी घेतली, तोंडात टाकली. एक भाईच्या हातावर ठेवली. मग पोराच्या खांद्यावरची माती चिमटीत घेऊन बोटांनी चोळली, नाकाशी नेली.

"ताक कम डाले," ते भाईला म्हणाले. "कापूर तो हैच नहीं. अगले साल तू जा मिट्टी कू."

हलगी पुन्हा सुरू झाली होती. भाईला नीट ऐकू आलं नाही, त्यानं वाकून पुन्हा विचारलं.