हवेतून पकडलेली मराठी

आमच्या घरात मराठी दोन वाटांनी यायची. एक आईच्या तोंडून, आणि दुसरी पुण्याहून, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेल्या व्हिडिओ कॅसेटमधून. हैदराबादच्या आमच्या गल्लीत तेलुगू, बाजारात दख्खनी, शाळेत इंग्रजी. टीव्ही होता, पण त्यावर हैदराबाद केंद्र दिसायचं; रात्री दिल्लीहून येणारं राष्ट्रीय प्रसारण सोडलं तर बहुतेक सगळं तेलुगू. मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झालं आणि वर्षभरात सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यातही दिसू लागलं. पण टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. डोंगर किंवा क्षितिज आडवं आलं की संपलं. साडेपाचशे किलोमीटरवरच्या हैदराबादला त्या पोहोचणं शक्य नव्हतं.

म्हणून मामाने त्या पुण्यातच पकडायला सुरुवात केली. तो कारखान्यात टर्नर होता. आखाती देशातून परतलेल्या एका सहकाऱ्याकडून त्याने जुना व्हीसीआर घेतला, गच्चीवरचा अँटेना सिंहगडाकडे नीट वळवून घेतला आणि आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी आपल्या बहिणीसाठी टीव्ही भरून ठेवू लागला. ‘भरणे’ हा त्याचाच शब्द. बरणीत लोणचं भरावं तसा. तीन तासांची कॅसेट भरली की हैदराबादला निघालेल्या कुणाच्याही हाती द्यायची. वर त्याच्या अक्षरातली चिठ्ठी: ‘गजरा. बातम्या थोड्या. आमची माती आमची माणसं. शेवटी क्रिकेट आहे, ते बघू नये.’

बघून झालेल्या कॅसेट परत पाठवाव्या लागत, कारण त्या महाग होत्या. त्यांच्यावर मामा पुन्हा भरायचा. त्यामुळे नवा कार्यक्रम संपला, की क्षणभर मुंग्या यायच्या आणि खालून सहा महिन्यांपूर्वीचा जुना कार्यक्रम अर्ध्या वाक्यापासून सुरू व्हायचा. खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रांबद्दल पुढे तौलनिक साहित्याच्या वर्गात ऐकलं, तेव्हा त्यात मला नवल वाटलं नाही. आमच्या घरी ती सुतळीने बांधून येत असत.

ही पद्धत फक्त मामाची नव्हती. फिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरण्याचा रिवाज जगभरच्या दूरचित्रवाणी संस्थांत होता. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग असेच गेले. त्यातल्या हरवलेल्या भागांचे आवाज तेवढे उरले, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीवरून ते ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत रात्रंदिवस बातम्या टेप केल्या. त्यांच्या मागे हजारो कॅसेट राहिल्या. घरी असं टेप करून नंतर पाहणं हा गुन्हा नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला १९८४ साली ठरवावं लागलं, आणि तेही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने. मामाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं, की ताईला ‘गजरा’ आवडतो.

गेल्या वर्षी मामीचा फोन आला. “कपाट रिकामं करायचंय गं. त्रेपन्न कॅसेट आहेत. तुला हव्यात, का रद्दीवाल्याला देऊ?” मी जाऊन घेऊन आले. कॅसेट डिजिटल करायला घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट संगणकात उतरवायला तीन तासच लागतात, कारण ती वाजवतच उतरवावी लागते. ज्यांना बुरशी लागली आहे, त्यांच्या फितीच्या कडेला पांढरी पूड दिसते. त्या आधी उघडून साफ कराव्या लागतात, नाहीतर यंत्राचं हेडही खराब होतं. आजवर एकतीस झाल्या आहेत. त्या मी टॅबलेटवर घेतल्या आहेत आणि पुण्याच्या गाडीत पाहते.

तांडूर मागे पडलं की माझ्या फोनची रेंज येत-जात राहते. मी त्याआधीच टॅबलेट विमान मोडवर टाकते. नेट चालू असलं की माझ्यातली अनुवादक स्वस्थ बसत नाही. एखादा शब्द ऐकला की थांबवायचं, शोधायचं, तीन कोश उघडायचे. नेट नसलं की बाई बातम्या वाचते आणि मी ऐकते. खरिपाचं वाण, धरणातला पाणीसाठा, मंत्र्यांचा दौरा. त्या मराठीत ‘अवर्षण’ आहे, ‘तूर्तास’ आहे, वाक्याच्या शेवटापर्यंत न घसरणारं क्रियापद आहे. आई बोलायची त्याहून ही वेगळी मराठी. घरातली भाषा मला जेवायला वाढत होती. ही पाहुण्यासारखी समोर बसून बोलत होती. आज मी ज्या मराठीत अनुवाद करते, ती या दोघींच्या मधली कुठलीतरी आहे.

प्रक्षेपणात बिघाड झाला की ‘व्यत्यय’ हा शब्द असलेली पाटी पडद्यावर यायची. चित्र पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसल्याने मामा टेप चालूच ठेवायचा. त्यामुळे एका कॅसेटवर चार मिनिटं नुसता व्यत्यय आहे. मला लहानपणी तो कार्यक्रमच वाटायचा. आई हसायची, पण तीही तो पुढे पळवत नसे.

या फितींवर मामा कुठेही नाही. अँटेनातून थेट भरलेलं, त्यामुळे खोलीतला आवाज नाही, मामीची हाक नाही, कुकरची शिट्टी नाही. तरी तो जागोजागी आहे. जाहिरात सुरू झाली की तो टेप थांबवायचा आणि संपली की पुन्हा चालू करायचा. यंत्राला वेग घ्यायला क्षण लागतो, म्हणून प्रत्येक सांध्यावर चित्र थरथरतं आणि पुढच्या वाक्याची पहिली दोन अक्षरं गिळली जातात. एकतीस कॅसेटमध्ये असे शेकडो सांधे आहेत. मामा कधी चुकीच्या जागी थांबला, कधी जाहिरात आवडली म्हणून ठेवली, कधी बहुधा चहा घ्यायला गेला, हे सगळं त्यांवरून कळतं. अनुवादातही माणूस असाच दिसतो. त्याचं एकही वाक्य नसतं, पण प्रत्येक सांधा त्याचा असतो.

हे सगळं मी कौतुकाने पाहत राहिले असते. पण गेल्या पावसाळ्यात मामाला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. म्हणजे कळतं सगळं, पण शब्द हाताला लागत नाही. पाणी हवं असतं आणि तोंडातून ‘ते… ते…’ एवढंच येतं. डोळ्यांत राग उतरतो. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी आम्हाला समजावलं, की असं झालेल्या अनेकांना स्वतः वाक्य जुळवता येत नाही, पण जिभेवर घोटलेलं काही उरतं. वारांची नावं, आकडे, आरती, शिवीसुद्धा. तुम्ही अर्धं म्हणा, त्यांना पूर्ण करू द्या.

आरतीला मामाने तोंड फिरवलं. तो कधीच देवभोळा नव्हता. मग मी टॅबलेट काढला. काय लावू म्हणून फाइलींची नावं वाचत होते. ती मी त्याच्याच चिठ्ठ्यांवरून दिली आहेत. “आमची माती,” मी म्हटलं आणि पुढची फाइल पाहायला थांबले.

“आमची माणसं,” मामा म्हणाला.

मामी ओट्याशी होती. ती हातातलं भांडं घेऊन तशीच बाहेर आली. मी पुन्हा म्हटलं, त्याने पुन्हा पूर्ण केलं, या वेळी जरा चिडून, जणू मीच मंद. मग आम्ही तो कार्यक्रम पाहिला. भाताच्या रोपवाटिकेवर कुणी कृषी अधिकारी बोलत होते. जाहिरात येणार तेवढ्यात मामाचा डावा अंगठा चादरीवर दाबला गेला. लगेच चित्र थरथरलं. सांधा आला होता.

म्हणून आता माझ्या कामाचा क्रम बदलला आहे. आधी मी ज्यात भाषा चांगली आहे, जे आईला आवडायचं, अशा कॅसेट निवडत होते. आता मामाला पूर्ण करता येईल असं काय आहे, ते शोधते. निवेदकांचे ठरलेले नमस्कार, कार्यक्रमांची नावं, न कापलेल्या जाहिरातींचे तुकडे. असे अर्ध्या-अर्ध्या मिनिटांचे बावीस तुकडे मी वेगळे करून ठेवले आहेत. बाई त्यांतून रोज पाच वापरतात. मामा त्यातले नऊ पूर्ण करतो. यातून त्याला ‘पाणी’ म्हणता येईल का, याची हमी कुणी देत नाही.

गच्चीवरचा अँटेना मामीने काढू दिलेला नाही, पण त्यात आता काही येत नाही. दूरदर्शनने २०२२ पर्यंत देशातले जवळजवळ सगळे जुने अॅनालॉग प्रक्षेपक बंद केले. त्या हवेतून जे पकडायचं ते पकडून झालं आहे. उरलेल्या बावीस कॅसेटपैकी चौदांना बुरशी आहे. त्यातल्या एकीवर मामाच्या अक्षरात लिहिलंय: ‘ताईसाठी. सगळं चांगलं आहे, पूर्ण बघावी.’ साफसफाईसाठी पुढच्या आठवड्यात तीच पहिली देणार आहे.